५४ मिलिमीटरची खोली

दिवाळीत आमच्या वाड्याच्या अंगणात किल्ला व्हायचा. दगडविटांचा ढीग रचायचा, वर गोणपाट पसरायचं, त्यावर चिखलाचा लेप द्यायचा आणि अळीव पेरायचे. एका वर्षी महादरवाजा माझ्याकडे होता. मी तो कमानीसकट केला. आजोबा काठी टेकत पाहायला आले, वाकले आणि शेजारी उभ्या केलेल्या मातीच्या मावळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आत कसा जाणार रे?" मावळा दरवाजाच्या दुप्पट उंच होता. रात्री मी दरवाजा मोडून मोठा केला. मग त्याच्या मानाने बुरूज खुजे वाटायला लागले, आणि बुरूज वाढवले तर बालेकिल्ल्याचं टेकाड झालं. तो किल्ला भाऊबीजेपर्यंत पुरा झाला नाही.

आज माझ्या टेबलावर एक सेंच्युरियन रणगाडा आहे. प्लास्टिकचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. तोफेची नळी सोडली तर लांबी साधारण २२ सेंटिमीटर. बाहेरून तो खोक्यातून आला तसा आहे, जुळवलेला आणि रंगवलेला. त्याची आतली बाजू मात्र खोक्यात नव्हती. ती मी गेली तीन वर्षं करतो आहे. आसनं, दारूगोळ्याचे कप्पे, वायरलेस, चालकाचे दांडे, तोफेचा मागचा भाग, वायरींचे जुडगे, अगदी बोल्टच्या डोक्यांपर्यंत सगळं. मॉडेलवाल्यांच्या भाषेत याला 'स्क्रॅच बिल्ड' म्हणतात. म्हणजे तयार भाग न घेता पत्रा, तार आणि पट्टी यांच्यापासून सुरुवात करायची.

आतून रिकामं असणं हे या मॉडेलांच्या जन्मातच आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६१च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते मोटरवर चालायचं, त्यामुळे पोटात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसवणं भाग होतं. त्या बॅटऱ्या मावतील एवढं अंग ठरवलं, आणि नंतर प्रमाण मोजलं तर ते साधारण १:३५ निघालं. पुढे जगभरच्या लष्करी मॉडेलांचं हेच मुख्य प्रमाण झालं. ज्या पोटात माणसं बसायची त्या पोटात बॅटऱ्या बसल्या, आणि त्यांच्या मापावरून साठ वर्षांचा छंद उभा राहिला. जुन्या मॉडेलांच्या तळाला अजून स्विचची आणि स्क्रूची भोकं असतात. नव्या माणसाचं पहिलं काम ती लिंपण्याचं.

हे प्रमाण मला आवडतं, कारण त्यात हिशेब तोंडी होतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस इथे बरोबर ५० मिलिमीटरचा. एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या रणगाड्यात साडेतीन सेंटिमीटरची चूक, आणि साडेतीन सेंटिमीटरमध्ये गुडघा अडकतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मी तांब्याच्या तारेचा एक ५० मिलिमीटरचा माणूस केला. गुडघे, कोपर, मान आणि कंबर या सांध्यांत तो वाकतो. घरातले त्याला मावळा म्हणतात. मी केलेल्या प्रत्येक आसनावर पहिला तो बसतो.

सेंच्युरियन घेण्यामागे कारण आहे. हा ब्रिटिश रणगाडा दुसऱ्या महायुद्धासाठी घडवला गेला, पण पहिले सहा नमुने मे १९४५मध्ये बेल्जियमला पोहोचले तेव्हा युरोपातली लढाई संपली होती. त्यानंतर १९६२पर्यंत असे सुमारे ४,४०० रणगाडे बनले आणि कितीतरी देशांनी ते घेतले. भारताने घेतलेले सेंच्युरियन १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लढले. त्यातला एक, 'फॅमागुस्टा' नावाचा, नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा रणगाडा. पुण्यात जन्मलेला, खडकवासल्याच्या एनडीएतून गेलेला, पूना हॉर्स रेजिमेंटचा हा अधिकारी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत मारला गेला. वय २१. रणगाड्याला गोळा लागून आग लागली तरी त्याने तो सोडला नाही. परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते, आणि ऐकताना डोळ्यांपुढे येतो तो बाहेरून दिसणारा रणगाडा, धुरातून पुढे येणारा. आतली जागा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. माझ्याही येत नव्हती.

टरेट, म्हणजे तोफेसकट फिरणारा वरचा भाग, ज्या कड्यावर बसतो त्याचा व्यास ७४ इंच. पस्तीसने भागलं की ५४ मिलिमीटरला थोडं कमी. पहिल्या दिवशी मी कार्डशीटवर तेवढं वर्तुळ काढलं आणि मावळ्याला त्यात आडवा ठेवला. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला, मध्ये जेमतेम चार मिलिमीटर शिल्लक. या एवढ्या वर्तुळात तीन माणसं काम करायची. मधोमध तोफ. उजव्या बाजूला पुढे गनर, त्याच्या पाठीशी आणि थोडा वर कमांडर. डावी बाजू लोडरची. चौथा, चालक, टरेटच्या बाहेर, पुढे उजवीकडे. ते वर्तुळ अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

माप कुठून मिळतं हा पहिला प्रश्न लोक विचारतात. नगरला १९९४ साली सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, आणि तिथे रणगाड्यांच्या रांगेतून चालताना पोलादाचा आकार अंगाला जाणवतो. पण जगात कुठेही मांडून ठेवलेल्या रणगाड्यांची झाकणं बहुधा बंदच असतात. आतलं पाहायचं तर इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये उभा चिरलेला एक सेंच्युरियन आहे. भाकरी मोडल्यासारखा आतला पदर न् पदर दिसतो. त्याची छायाचित्रं आणि जुन्या प्रशिक्षण-पुस्तिकांतल्या आकृत्या यांवर माझं बहुतेक काम चाललं. छायाचित्रावरून माप काढायची युक्ती सोपी आहे. ज्याचं माप ठाऊक आहे अशी एक वस्तू त्यात शोधायची. २० लिटरचा जेरीकॅन सुमारे ४७० मिलिमीटर उंच असतो. तो दिसला की त्याच अंतरावरच्या बाकीच्या वस्तूंची मापं त्रैराशिकाने निघतात. फक्त कॅमेऱ्याजवळची वस्तू फुगलेली दिसते, हे विसरायचं नाही. मी ते एकदा विसरलो आणि वायरलेसचा संच इतका मोठा केला की तो टरेटच्या मागच्या खणात शिरेना.

बहुतेक सामान पुण्यात मिळतं. स्टायरीनची पांढरी शीट, पाव, अर्धा आणि एक मिलिमीटर जाडीची, परदेशातून मागवावी लागते आणि ती महाग पडते. बाकी सगळं गावातलं. तपकीर गल्लीतून केसासारखी तांब्याची तार आणि सोल्डर. सोल्डरची तार हवी तशी वाकते आणि वाकवली तशी राहते, म्हणून वायरींसाठी तिच्यासारखं काही नाही. बोहरी आळीतून पितळी पत्रा आणि नळ्या. इंजेक्शनची सुई म्हणजे आयती पोलादी नळी. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी पट्ट्यांना आणि बक्कलांना. चहाच्या पुडीचा कागद पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवला की वाळल्यावर कॅनव्हास होतो. मॉडेलचे भाग ज्या चौकटीत येतात ती चौकट, स्प्रू, मेणबत्तीवर धरून मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायची. पाकाला तार यावी तसा धागा निघतो. सावकाश ओढला तर जाड, झटक्यात ओढला तर पातळ. हाच धागा सांध्यावर ठेवून त्यावर पातळ सॉल्व्हंटचा ब्रश फिरवला की तो मऊ पडतो, आणि ब्लेडच्या टोकाने त्यावर जवळजवळ खुणा केल्या की वेल्डिंगची रेघ तयार. पाव मिलिमीटरच्या शीटमधून पंचने पाऊण मिलिमीटरच्या टिकल्या पाडायच्या. त्या बोल्टच्या डोक्यांच्या जागी लागतात. टिकली ओल्या ब्रशच्या टोकावर उचलायची, श्वास रोखून. सॉल्व्हंट वापरताना खिडकी उघडी हवी, रेझिन घासताना तोंडाला मास्क हवा. यात हयगय करू नये.

सगळ्यात जास्त दिवस भिंतींनी खाल्ले. बाहेरून पाहणाऱ्याला भिंतीला जाडी नसते. मॉडेलचं प्लास्टिक सगळीकडे साधारण एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात ३५ मिलिमीटर पोलाद. पण सेंच्युरियनच्या टरेटचं पुढचं पोलाद १५२ मिलिमीटर आहे. म्हणजे माझ्या मापात चार मिलिमीटरहून जास्त. आणि तळाचं पोलाद फक्त १७ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा. तेव्हा पुढची भिंत आतून भरून जाड करायची आणि तळ कानशीने व पॉलिश पेपरने घासून पातळ करायचा. तळ घासताना मधूनमधून तो दिव्यासमोर धरायचो. प्लास्टिकमधून उजेड झिरपायला लागला की थांबायचं. दोनदा थांबलो नाही. तिसऱ्यांदा जमलं. पुढची भिंत एपॉक्सी पुटीने भरली, ती कडक होण्याआधी ताठ ब्रशने टोचून ओतीव पोलादाचा खरबरीतपणा दिला. भरून झाल्यावर पाहिलं तर आतली जागा एकदम आक्रसली होती. आधी ऐसपैस बसवलेली गनरची दुर्बीण आता बसेना. मी पुस्तिकेतली आकृती पुन्हा काढली आणि तेव्हा कळलं की खऱ्या रणगाड्यातही ती तिरकी का आहे. पोलादाला जागा देऊन उरेल त्यात यंत्रं, आणि यंत्रांना देऊन उरेल त्यात माणूस, असा तो क्रम आहे. तारेच्या मावळ्याला गनरच्या आसनावर बसवलं तर त्याचा उजवा खांदा भिंतीला आणि डावा खांदा तोफेच्या संरक्षक पत्र्याला लागत होता. त्याच्या पाठीला कमांडरचे गुडघे.

तोफ २० पौंडी, तोंडाचा व्यास ८४ मिलिमीटर. तिच्या काडतुसाचं पितळी कवच ६१८ मिलिमीटर लांब. माझ्या टेबलावर साडेसतरा मिलिमीटर. एक पितळी कांडी ड्रिलच्या चकमध्ये धरून, फिरवत, कानशीने तासून पहिला नमुना केला. त्यावरून सिलिकॉनचा साचा, आणि साच्यात रेझिन. पहिल्या खेपेला बुडबुडे, दुसऱ्या खेपेला निम्मे वाकडे. शेवटी जमलेले नग रंगवून कप्प्यांत लावले, तेव्हा लक्षात आलं की चालकाच्या डाव्या हाताला, अगदी कोपराशी, दारूगोळ्याचा साठा आहे. आकृतीत तो वर्षभर पाहत होतो. पण मावळ्याला चालकाच्या जागी बसवून, दोन्ही हात दांड्यांवर ठेवून, शेजारी एकेक गोळा चिमट्याने लावत गेलो तेव्हा हात थांबला.

या कलेत गुरू खूप झाले. अमेरिकेच्या शेपर्ड पेन यांनी १९७०च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या मॉडेलांसोबत जाणारी देखाव्यांची पत्रकं केली आणि एका पिढीला शिकवलं की मॉडेल म्हणजे एक प्रसंग असतो. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हेरलिंडेन यांनी रंगाचे थर आणि धूळ-मळ दाखवण्याची रीत लोकप्रिय केली. आता तर युक्रेनच्या मिनिआर्टसारख्या कंपन्या संपूर्ण आतल्या भागासकट मॉडेलं काढतात, शेकडो तुकडे, सुरेख साचे. ती मी जोडलेली आहेत आणि त्यांचा मला आदर आहे. पण जोडताना प्रश्न पडत नाही. तुकडा क्रमांक अमुक तुकडा क्रमांक तमुकला लागतो, लागला, पुढे. दुर्बीण तिरकी का, हे मला कधीच कळलं नसतं.

रंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथे फार चुका होतात. ब्रिटिश रणगाडे आतून पांढरे. झाकणं बंद झाली की आत येतो तो पेरिस्कोपमधून झिरपणारा प्रकाश आणि एकदोन छोटे दिवे, म्हणून भिंतींनी उजेड परतवायला हवा. जर्मन रणगाड्यांत वरचा भाग हस्तिदंती आणि खालचा तांबूस असायचा, वरच्या रंगाचं कारणही हेच. पण पांढरा रंग लावून थांबलं तर ते दवाखान्याचं कपाट दिसतं, आणि हौसेने सगळीकडे गंज नि ओरखडे काढले तर भंगार. झीज तिथेच होते जिथे अंग लागतं. झाकणाच्या कडेला बुटाची टाच घासते. लोडरच्या बाजूला जमिनीवर पितळी कवचं पडतात, तिथे रंग उडून धातू चकाकतो. कमांडर चढताना ज्या खुंटीला धरतो ती हाताच्या तेलाने काळी. पण आसनामागची भिंत, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही, ती पांढरीच राहते, फक्त धुळीने मंद झालेली. म्हणून रंगवण्याआधी मी मावळ्याला प्रत्येक जागी बसवून त्याचे हात कुठवर पोहोचतात ते पेन्सिलीने टिपलं. त्या खुणांच्या आत झीज, बाहेर धूळ.

सेंच्युरियनच्या आतली मला सगळ्यात प्रिय वस्तू म्हणजे पाणी उकळायचं विजेचं भांडं. दुसऱ्या महायुद्धात चहा करायला, जेवायला बाहेर उतरलेली माणसं मारली जायची. म्हणून ब्रिटिशांनी सेंच्युरियनपासून रणगाड्याच्या आतच भांडं द्यायला सुरुवात केली. बाहेर न पडता चहा. मी ते एवढ्याशा चौकोनी डब्यासारखं केलं, वर झाकण, झाकणाला तारेची कडी. त्याला एक अख्खा रविवार गेला.

गेल्या उन्हाळ्यात हे सगळं घेऊन मी नगरजवळच्या एका गावी गेलो. तिथे एक काका राहतात. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी रणगाड्यांच्या टरेटची दुरुस्ती केली. आधी सेंच्युरियन, मग आवडीच्या कारखान्यात तयार झालेले विजयंता रणगाडे. एका ओळखीच्या माणसाने त्यांचं नाव सुचवलं होतं. मी मॉडेल खोक्यातून काढलं, टरेटचं छत उचलून बाजूला ठेवलं आणि टॉर्च दिला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पहिला प्रश्न आला.

"आवो, चिंधी कुठंय?"

मला कळेना.

"गाडीत चिंधी असतीच. तेल पुसायला, काच पुसायला, हात पुसायला. चिंधीबिगर गाडी असते व्हय?"

तीन वर्षांत एकाही आकृतीत चिंधी नव्हती. कुठल्याच पुस्तिकेत ती नसते.

मग ते बोलत गेले. पेट्रोलचा वास कपड्यांतून जायचा नाही, बायको वेगळ्या बादलीत धुवायची. सेंच्युरियनचं मीटिअर इंजिन, बारा सिलिंडर, २७ लिटर, विमानाच्या मर्लिन इंजिनापासून बनवलेलं, सकाळी सुरू झालं की छातीत घुमायचं. लोडरने गोळा आत ढकलताना मूठ बंद ठेवायची, बोटं उघडी ठेवायची नाहीत, हे नव्या पोरांना सांगून सांगून घसा बसायचा. बोलता बोलता त्यांनी स्वतःची उजवी मूठ वळली आणि हवेत पुढे ढकलली. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाचा हात त्या क्षणी एकदम नेमका झाला. मी तेवढ्यात लोडरच्या बाजूची मोकळी जागा मनात मोजली. मूठ, कोपर आणि गोळ्याची लांबी यांना ती पुरत होती.

मी त्यांना फॅमागुस्टाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्या गाडीपाशी मी कधी टेकून उभा राहिलो नाही." एवढंच. माझ्या मॉडेलवर मी त्या रणगाड्याचं नाव किंवा क्रमांक लिहिलेला नाही. माझा रणगाडा एक सर्वसाधारण सेंच्युरियन आहे. बसंतरच्या दिवशी त्या गाडीत जे होतं त्यातली एकही वस्तू मी अंदाजाने घडवणार नाही.

चहा झाला. काकांनी पुन्हा टॉर्च घेतला आणि गनरच्या जागी बसलेल्या मावळ्याकडे पाहिलं.

"ह्याला झाकण कुठलं?"

मी सांगितलं की गनरला स्वतःचं झाकण नाही. कमांडर आधी बाहेर पडणार, मग त्याच्या मागून हा.

"आन् कमांडर हलला नाही तर?"

त्यांनी माझा चिमटा मागून घेतला. मावळ्याला कंबरेत धरून आसनावरून उचललं, तोफेच्या मागून वाकवत डावीकडे आणलं. डोकं गेलं, खांदे गेले. लोडरच्या झाकणाखाली येताना पाय अडकले. काकांनी मावळ्याला मागे नेलं आणि पुन्हा आणलं. पुन्हा तिथेच अडकला. लोडरचं आसन मी उघडं, बसायला तयार असं चिकटवलं होतं. छायाचित्रात ते तसं छान दिसतं.

"हे दुमडा," काका म्हणाले. "बसायचं तवा उघडायचं. येरवी वाट मोकळी पायजे."

परतीच्या एसटीत खोकं मांडीवर होतं. घरी पोहोचायला रात्र झाली. अकरा नंबरचं ब्लेड घेऊन मी आसनाचा सांधा हळूहळू कापला, बिजागरी नव्याने केली आणि आसन भिंतीला दुमडून लावलं. मग मावळ्याला गनरच्या जागेवर ठेवलं आणि काकांनी नेला त्याच वाटेने नेला. तोफेच्या मागून, डावीकडे, वर. या वेळी तो पायांसकट बाहेर आला.

चिंधी दुसऱ्या दिवशी केली. आईच्या जुन्या मलमलच्या पदराचा सहा मिलिमीटरचा तुकडा, तेलकट तपकिरी रंगात बुडवून, तोफेच्या संरक्षक पत्र्यामागे खोचला आहे.